पाच कोनांची फरशी

आमच्या घरात बोलणं कमी आणि ठोकणं जास्त होतं. मुलचेऱ्याच्या वाटेवर, गाव संपतं तिथे आमचं मातीचं घर, आणि घराला लागून बाबांचं शेड, म्हणजे चार सागाच्या बल्ल्यांवर टाकलेले पत्रे. माय चुलीवर पेज चढवायची तोवर शेडमध्ये साचा आपटल्याचा आवाज सुरू झालेला असायचा. लोखंडी साच्यात आधी रंगाचं पाणी ओतायचं, त्यावर रेती-सिमेंट, वरून झाकण, आणि मग दांड्यावर सगळं अंग टाकून दाबायचं. फरशी बाहेर निघाली की ती ओली, जड. तिला दोन्ही हातांवर घेऊन बाबा अशा बेताने फळीवर ठेवायचे की त्या वेळी त्यांना कुणी हाक मारलेली चालायची नाही. दुसऱ्या दिवशी ती हौदात बुडवायची, आठ-दहा दिवस पाणी प्यायला द्यायचं. मग बाहेर काढून, वाळवून, थापीच्या दांड्याने एकेक वाजवून बघायची. भरीव असली तर टण्ण वाजायची, आत भेग असली तर ठब्ब. मला तो फरक चौथीतच कळायला लागला होता. मी चुलीपाशी बसून ओरडायची, "बाबा, हे फुटकी!" आणि ते तिकडून म्हणायचे, "पोरगी कानानंच मिस्त्री हाय."

माय सिरोंचाकडची. रागावली की तेलुगूत जायची, आणि ते रागावणं आम्हाला अर्धंच कळायचं म्हणून आम्ही अर्धंच घाबरायचो. पावसाळ्यात ती बाजारातून वास्ते आणायची, बांबूचे कोवळे कोंब, आणि ते चिरून रात्रभर पाण्यात ठेवायची. लाखोळीच्या डाळीत सुके झिंगे टाकले की वास थेट रस्त्यावर जायचा. सिमेंटचा वास आणि झिंग्यांचा वास, हे माझं घर. सातवी-आठवीपर्यंत मला या दोन्ही वासांचं काही वाटत नव्हतं. पुढे वाटायला लागलं. ते कसं आणि कुठून सुरू झालं हे मी पूर्वी दोनदा लिहायला घेतलं, आणि दोन्ही वेळा मायच्या भाज्यांवर चार पानं लिहून थांबले.

बाबांची ओळख होती सहा कोनांच्या फरशीमुळे. गावात तिला मोहोळाची फरशी म्हणत, कारण जंगलातल्या मधाच्या पोळ्यात घरं तशीच असतात. ती एकमेकींत अशी बसते की मधे पोस्टकार्ड जाणार नाही. पण भिंतीपाशी आली की तिची ओळ दातेरी राहते. तिथे फरशी समोरासमोरच्या दोन बाजूंच्या बरोबर मधून फोडून अर्धी लावावी लागते, आणि छिन्नीने फोडताना तीनांतली एक हमखास भलतीकडेच फुटते. उरलेल्या अर्ध्या तुकड्यांचा ढीग शेडमागे पडलेला असायचा. मायने एका उन्हाळ्यात त्यातले बरे तुकडे निवडले आणि बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा केलेल्या आमच्या न्हाणीत बाबांकडून बसवून घेतले. त्यावर ती कपडे धुवायची, त्यावर आम्ही आंघोळ करायचो.

या न्हाणीतच बाबांना सुचलं. एका दुपारी ते तट्ट्याच्या आत उकिडवे बसून जमिनीकडे बघत होते. मी शाळेतून आले तर म्हणाले, "सुनी, हे पाह्य. ह्या साऱ्याच्या साऱ्या अर्ध्याच हायेत. अन् तरी जमीन भरली." मला त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांना मात्र दिसलं होतं. अर्धीचाच साचा केला तर? फरशी लहान, साच्यातून काढताना तडकणार नाही; भिंतीपाशी तिची सरळ बाजू सरळ लागेल, फोडायला नको; आणि आत दोन-दोन जोडल्या की मोहोळ तयार. लहान मूल पाटीवर घर काढतं ना, दोन उभ्या भिंती आणि वर बसकं छप्पर, तसा तिचा आकार. पाच कोन. बाबा बल्लारपूरला जाऊन एका लोहाराकडून तो साचा करून घेऊन आले. बसमध्ये सीटखाली न ठेवता मांडीवर धरून आणला होता, पँटवर गंजाचे डाग पडले होते. माय त्या डागांवरून बोलत राहिली आणि ते साचा पुसत राहिले. "असा कोणाच्याच कारखान्यात नाई," एवढंच म्हणाले.

त्या वर्षी आमच्या शाळेच्या नव्या पडवीला फरशी बसवायची होती. बाबांनी तोवर शेकडो घरांत फरशा बसवल्या होत्या. पण त्या एक तर दुसऱ्यांनी बनवलेल्या, नाही तर दुसऱ्यांच्या आकाराच्या. ही त्यांची स्वतःची. शाळेत बसली की तालुकाभर बसली, असा त्यांचा हिशेब. शाळेत रोज तीनशे पोरं तिच्यावरून चालतील, घरी जाऊन बापाला सांगतील. हा माणूस हातापलीकडचं स्वप्न बघणारा नव्हता. हे एवढंच बघितलं त्यांनी.

आणि त्याच महिन्यात बोरकुटे सरांनी आम्हाला बहुभुजाकृती शिकवल्या. सर नागपूरहून आलेले, शुद्ध बोलणारे, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी पुठ्ठ्याचे त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षटकोन कापून आणले होते आणि टेबलावर मांडून दाखवले. त्रिकोण बसतात. चौकोन बसतात. षटकोन बसतात. पंचकोन बसत नाहीत. का? कारण पंचकोनाचा प्रत्येक कोन एकशे आठ अंशांचा. तीन लावले की तीनशे चोवीस, म्हणजे छत्तीस अंशांची फट उरते. चार लावले की एकावर एक चढतात. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. न ठोकता, न वाजवता, नुसत्या भागाकाराने जगातल्या सगळ्या फरशांचं कळतं! सरांनी मला फळ्यापाशी बोलावून तेच पुन्हा सांगायला लावलं आणि म्हणाले, "ही पुढे जाणार." सरांचे सगळे पंचकोन एकसारख्या बाजूंचे आणि एकसारख्या कोनांचे होते, आणि हा नियम तेवढ्यांपुरताच खरा आहे, हे पुस्तकात एका शब्दात होतं. नियमित. मी तो शब्द पाठ केला होता. त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

त्या दिवसांत मी घरी 'मले-तुले' बोलणं सोडलं. माय म्हणायची, "काय झालं वं तुले, जीभ इस्त्री करून आणली का?" बाबा शाळेवरून जाताना दिसले की मी खिडकीतून आत सरकायची. त्यांच्या नखांत सिमेंट असायचं आणि भुवयांवरही. हे मी आता लिहिते तेव्हा हात थांबतो, पण हे लिहिलं नाही तर पुढचं नुसती चूक वाटेल, आणि ती नुसती चूक नव्हती.

शनिवारी शाळा सुटल्यावर पडवीची फरशी ठरवायला शाळा समितीची बैठक बसली. नववीच्या आम्ही दोघी मुली चहा द्यायला थांबलो होतो. अध्यक्ष शेंडे भाऊ, धानाचे मोठे शेतकरी, जिभेला धार. त्यांच्या बाजूला किराणा दुकानवाले मंडलबाबू. त्यांच्या बंगाली वडिलांना सरकारने निर्वासित म्हणून इकडे आणून वसवलेलं, त्यामुळे मराठी, हिंदी आणि बंगाली ते एकाच वाक्यात वापरायचे. आणखी चार-पाच जण. कोपऱ्यात बोरकुटे सर, इतिवृत्ताची वही घेऊन. बाबा धुतलेला शर्ट घालून आले. ओल्या पोत्यात गुंडाळलेली फरशी त्यांनी टेबलावर ठेवली. एकच. साचा नवा होता, बाकीच्या अजून हौदात होत्या.

"हे काय आणलं गणपत?" शेंडे भाऊ म्हणाले. "फरशी हाय का देवळाचा कळस?"

"फरशीच हाय भाऊ. पाच कोनाची."

"अन् सहावा कोन घरी विसरला का?"

सगळे हसले. बाबाही हसले. "सहाचीच अर्धी हाय. भितीपाशी फोडा लागत नाई. एकाच साच्यात काम होते."

"बसते का पण?"

"बसते नं. आमच्या घरी न्हाणीत..."

"न्हाणीत!" शेंडे भाऊंनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे आता समितीनं तुया न्हाणीत येऊन बसावं का रे? बायकोले विचारलं का?"

इतकं हसू उसळलं की माझ्या हातातल्या ट्रेमधला चहा बशीत सांडला. आपल्या घरातली बायकांची न्हाणी चार पुरुषांना दाखवतो असं कोणता माणूस म्हणेल? बाबांचे कान लाल झाले. त्यांच्याकडे दाखवायला जगात तेवढी एकच जागा होती, आणि ती दाखवता येणारी नव्हती.

एकटे मंडलबाबू तेवढे हसले नाहीत. "अरे हँसो मत. मिस्त्री को एक बार काढके तो दिखाने दो." बाबांनी खिशातून खडू काढला आणि ते जमिनीवर गुडघ्यांवर बसले. पहिली रेघ त्यांनी मारलीही. तेवढ्यात शेंडे भाऊंची नजर माझ्यावर पडली.

"थांब ना गणपत. तुयी पोरगीच हाय नं इथी. सर म्हणते लय हुशार हाय. काय वं बाई, पाच कोनाची बसते का?"

मी ट्रे खाली ठेवला. मला आठवतं, मी ओढणीही नीट केली. आणि फळ्यापाशी सांगितलं होतं तसंच, शुद्ध भाषेत सांगितलं. पंचकोनाचा कोन एकशे आठ अंशांचा. तीनशे साठला एकशे आठने पूर्ण भाग जात नाही. छत्तीस अंशांची फट राहते. त्यामुळे पंचकोनाने पृष्ठभाग भरता येत नाही.

सर म्हणाले, "शाबास. नियम अगदी बरोबर सांगितला." आणि टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. मी सरांना दोष देत नाही. नियम मी बरोबरच सांगितला होता, आणि ती फरशी त्यांनी हातात घेतलेली नव्हती.

मी घेतली. शेंडे भाऊंनीच ती उचलून माझ्या हातात दिली. "हात लावून सांग बाई. नाईतर बाप म्हणन, न पाह्यताच नापास केलं." फरशी गार होती आणि अजून थोडी ओली. तिच्या खालच्या कोपऱ्यावर माझा अंगठा गेला. तो कोपरा काटकोन होता. काटकोन तपासायचा गुण्या लावायची गरज नव्हती, मी मिस्त्रीची मुलगी होते, माझ्या हाताला काटकोन कळत होता. दोन काटकोन, आणि वरचे तीन बोथट, एकसारखे, एकशे वीसचे. काटकोन चार एका जागी आले की तीनशे साठ. बोथट तीन आले की तीनशे साठ. एकशे आठ त्यात कुठेच नव्हते. आणि मला आमची न्हाणी दिसली, जिच्यावर मी त्या सकाळीही आंघोळ करून आले होते, तिचे सांधे, तिचे चार-चार कोपरे एका ठिपक्यावर आलेले.

बाबा जमिनीवरच होते, गुडघ्यांवर, खडू हातात. माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत विनवणी असती तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं. पण ते नुसते वाट बघत होते, फळ्याकडे बघून पोरं वाट बघतात तशी.

"नाही बसत," मी म्हणाले.

पहिल्यांदा म्हणाले ती चूक होती. दुसऱ्यांदा म्हणाले ते खोटं होतं. दोन्हींच्या मधे एखादा मिनिट गेला असेल. टाळ्यांचा आवाज अजून माझ्या कानांत होता आणि तो मला परत द्यायचा नव्हता. यापेक्षा मोठं कारण मी इतकी वर्षं शोधते आहे, नाही सापडलं.

बाबा उठले. मारलेली ती एक रेघ त्यांनी चपलेने पुसली. "पोरगी म्हणते तं नाई बसत," ते म्हणाले. "तिले जास्त समजते." आणि हे म्हणताना त्यांच्या आवाजात हार नव्हती. अभिमान होता. समितीने चांद्याहून येणारी तयार चौकोनी फरशी पसंत केली, बाबांनी तिलाही मान डोलावली.

घरी येताना त्यांनी फरशी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालले. "सुनी, ते पुन्हा सांग बरं. एकशे किती?" मी सांगितलं. "तीन लावले तं?" तीनशे चोवीस. "अन् फट?" छत्तीस. नाल्याच्या पुलापर्यंत त्यांनी ते चार वेळा म्हणून घेतलं. चौथी शिकलेला माणूस तो. पुलावर थांबून म्हणाले, "पाह्य नं, माया डोळ्याले बसलेलीच दिसत होती. डोळ्याचं काई खरं नाई."

संध्याकाळी भात आणि वास्त्यांची भाजी होती. सगळं ऐकून माय म्हणाली, "बसत नाई? मंग मी रोज कायच्यावर कपडे धुतो?"

"तिच्यात रेती-सिमेंटचा मसाला भरला हाय," बाबा म्हणाले. "फट मसाल्यानं खाल्ली असन. म्हून दिसत नाई."

मायने माझ्या ताटाकडे बघितलं. मी भाताचे गोळे करून ठेवत होते. भांडी घासताना तिने मला विचारलं, "तू खरं सांगतलं का?"

"सरांनी शिकवलंय."

"मी सराचं नाई विचारून राह्यली."

मी राख घ्यायला उठले आणि बराच वेळ परत आले नाही. मायने पुन्हा कधी विचारलं नाही. ती जाईपर्यंत नाही. तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि अशा दोघी आम्ही एका चुलीपाशी किती वर्षं बसलो!

आठ-दहा दिवसांनी शाळेतून आले तर न्हाणी खणलेली होती. बाबांनी ते सगळे अर्धे तुकडे उखडून नाल्याकाठी टाकले होते आणि चौकोनी फरशी बसवत होते. साचा भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला. पण खरा बदल वेगळाच होता. त्यानंतर बाबा मला विचारायला लागले. नक्षी मांडली की, "सुनी, हे बसन का?" चौकोनाला त्रिकोण लावला की, "पाह्य बरं, कोन जमते का?" हातांनी वीस वर्षं जे काम केलं ते ते चौदा वर्षांच्या पोरीला विचारून करायला लागले. मी 'हो' म्हणेपर्यंत मसाला कालवत नसत. पुढे शेड बंद करून ते बल्लारपूर-चांद्याला दुसऱ्यांच्या हाताखाली बसवण्याच्या कामाला जाऊ लागले. तिथे आकार दुसरा कुणी ठरवतो. ते त्यांना बरं वाटत असावं. मी दहावीनंतर गणित घेतलं नाही. लोकांना वाटलं, परिस्थितीमुळे. मी वाटू दिलं.

आता बाबा माझ्याजवळ राहतात, बल्लारपुरात. गेल्या उन्हाळ्यात माझ्या स्वयंपाकघराची फरशी बदलायची होती. अस्लम नावाचा तरुण मिस्त्री आला, हात चांगला, बोलणं गोड. बाबा खुर्ची टाकून त्याचं काम बघत बसायचे. एक दिवस अस्लमने मोबाइलवर एक अंगण दाखवलं, पाच कोनांच्या ठोकळ्यांचं. "चाचा, आजकल हे चालून राह्यलं."

बाबा हसले. "फोटोत काईबी बसते, बापू. पाच कोनाची बसत नाई. एकशे आठचा कोन. तीन लावले तं तीनशे चोवीस. छत्तीसची फट. माया पोरीनं सिद्ध केलं हाय, साऱ्या समितीसमोर. नववीत होती."

अस्लमने माझ्याकडे बघितलं. "हो का ताई?"

मी आत चहा ठेवायला गेले. साखर घालून झाल्यावर लक्षात आलं, पाणीच ठेवलेलं नाही.

तो गेल्यावर मी जुन्या कॅलेंडरचा कागद घेतला, षटकोन काढले, मधोमध कापले आणि बाबांच्या पलंगावर चादर ताणून त्यांच्यासमोर ठेवले. म्हणाले, "बाबा, बसते. आणि मला तेव्हाच कळलं होतं. फरशी हातात घेतली तेव्हाच. मी खोटं बोलले." इतकी वर्षं घोकलेलं वाक्य, बोलायला तीन श्वास लागले.

एका बोटाने त्यांनी एक कागद सरकवला, मग दुसरा. कडेला कड. कोपरा कोपऱ्यावर अचूक गेला. शेवटचा तुकडा ठेवून त्यांनी सांध्यावरून नख फिरवलं.

"बसते," म्हणाले.

मग म्हणाले, "अस्लमले सांगू नको."

"का बाबा?"

"मी साऱ्याईले सांगतलं हाय. इथी, चांद्यात, जिथी जिथी काम केलं तिथी. माया पोरीनं सिद्ध केलं म्हून. आता मी खोटा पडन." आणि माझ्याकडे न बघता: "अन् तू बी."

मी सांगणार नाही म्हणाले. त्यांनी कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, माझ्या हातात दिले आणि अस्लम उद्या किती वाजता येणार आहे ते विचारलं.

तर हा शब्द मी त्यांना दिला होता, आणि हे लिहून तो मोडते आहे. मला दुसरा रस्ता सुचला नाही. एकदा चार लोकांसमोर खोटं बोलले. खरं नुसतं पलंगावर, दार लावून बोलून ते फिटत नाही. बाबा आतल्या खोलीत आहेत. रोज दुपारी मी काय लिहीत बसते ते त्यांनी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर त्यांचा चष्मा जुना झाला आहे, त्यांना वाचता येणार नाही. मलाच वाचून दाखवावं लागेल.